ते वाक्य नक्की कुणासाठी होतं?

"मावशी, सलाम. नाताळात भावाने मला डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकांच्या लेखनातून निवडलेलं, रोज एक पान वाचायचं मननाचं पुस्तक दिलं. सकाळी डबे भरून झाले की वाचते आणि आवडलेलं वाक्य घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मागच्या महिन्यात सासूबाईंच्या औषधपाण्यावरून माझं आणि ह्यांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशीचं पान नेमकं ऐकून घेण्याबद्दल होतं. जो आपल्या भावाचं ऐकत नाही तो पुढे देवाचंही ऐकेनासा होतो, अशा अर्थाचं. मी टाकलं. दोन्ही नणंदांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ह्यांनी ग्रुप सोडला. तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. सासूबाई म्हणतात, पवित्र शास्त्र बाजूला ठेवून माणसांची पुस्तकं वाचल्यावर असंच होणार. आता पुस्तक उघडावंसंच वाटत नाही, राहिलेली पानं साचलीत. त्यात 'स्वस्त कृपे'बद्दल वाचून मी खरी ख्रिस्ती आहे का, असंही वाटू लागलंय. काय करू?"
पिंपरीची एक वाचक

सलाम गं. पान त्या दिवशी नेमकं तेच आलं, हा योगायोग मानू. ग्रुपवर टाकलंस ती मात्र तू. देवाच्या नावाने, बोनहोफरांच्या तोंडून आणि नणंदांच्या देखत नवऱ्याला टोमणा मारलास. त्याने ग्रुप सोडला यात मला काही नवल वाटत नाही.

आता ते वाक्य कुठून आलं ते बघ. 1935 साली बोनहोफर एकोणतीस वर्षांचे होते. हिटलरच्या तालावर नाचायला नकार देणाऱ्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, फिंकनवाल्ड इथे पाळक घडवणारं एक विद्यालय ते चालवत होते. ते गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. वीस-पंचवीस तरुण एकाच घरात राहायचे, एकत्र प्रार्थना करायचे, एकत्र जेवायचे. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ते विद्यालय बंद पाडलं. पुढच्या वर्षी त्या अनुभवावर बोनहोफरांनी जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात तुझं वाक्य आहे. त्याच्या मागेपुढे काय म्हटलंय ते तुझ्या पानावर कदाचित नसेल. ते म्हणतात, ख्रिस्ती माणसाला, त्यातही उपदेशकाला, चार लोक भेटले की काहीतरी सांगितलंच पाहिजे असं वाटतं; ऐकणं ही त्याहून मोठी सेवा असू शकते, हे तो विसरतो. म्हणजे ते वाक्य सारखं काहीतरी सांगत राहणाऱ्याला उद्देशून आहे. रोज सकाळी ग्रुपवर वचन टाकणारी तुमच्या घरात कोण आहे?

त्या घरात एक नियम होता. गैरहजर असलेल्या भावाबद्दल बोलायचं नाही. बोललं गेलंच, तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. उपदेशांतून जितकं शिकायला मिळालं, जवळजवळ तितकंच या नियमातून मिळालं, अशी तिथल्या विद्यार्थ्याची आठवण आहे. त्या विद्यालयाचीच आणखी एक आठवण सांगतात. स्वयंपाकघरातून भांडी घासायला मदत हवी असा निरोप आला, कुणी हललं नाही. बोनहोफर गुपचूप उठून गेले, आतून कडी लावली आणि भांडी घासायला लागले. ओशाळलेली पोरं धावत आली, तरी दार उघडलं नाही. नंतर त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. (आपल्याकडे एखाद्या पाळकसाहेबांनी असं केलं असतं, तर फोटो निघाला असता.)

सासूबाईंचं म्हणणं सोडून देऊ नकोस. फिंकनवाल्डच्या अनुभवावरच्या त्याच पुस्तकात बोनहोफर सांगतात की रोजचं सुटं वचन चांगलं असलं तरी ते सबंध शास्त्राची जागा घेऊ शकत नाही. सकाळ-संध्याकाळ जुन्या कराराचा निदान एक अध्याय आणि नव्याचा निदान अर्धा, तोही क्रमाने, असा त्यांचा आग्रह होता. या बाबतीत तुझ्या सासूबाई आणि बोनहोफर एका बाजूला आहेत. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनाच अध्याय निवडू दे, तू वाच. मननाचं पुस्तक तुझं एकटीचं राहू दे.

साचलेल्या पानांचं काही करू नकोस. आजची तारीख उघड. पुढे हिटलरच्या राजवटीने बोनहोफरांना कैदेत टाकलं. मार्च 1944 मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात स्वतः बोनहोफर सांगतात की सध्या पुन्हा बायबल फारसं वाचून होत नाहीये. बंधन म्हणून ते वाटत नाही आणि काही काळाने आपण परत अधाशासारखे वाचायला लागू, हेही ठाऊक आहे.

'स्वस्त कृपे'ची पानं त्यांच्या दुसऱ्या, 1937 च्या पुस्तकातली. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, क्षमा सगळं सढळ हाताने वाटणाऱ्या, पण ख्रिस्तामागे जाण्याची किंमत मोजायला तयार नसलेल्या मंडळीवर तो आसूड होता. 21 जुलै 1944 च्या पत्रात बोनहोफर म्हणतात की त्या पुस्तकातले धोके आता दिसतात, तरी लिहिलेल्यावर मी ठाम आहे. असं वर्षभराचं पुस्तक एकोणतीस वर्षांच्या शिक्षकाला आणि अडतीस वर्षांच्या कैद्याला शेजारशेजारच्या पानांवर बसवतं. म्हणून उतारा मूळ कुठल्या पुस्तकातला किंवा पत्रातला आणि कोणत्या सालचा, ते आधी बघ आणि मग घाबरायचं की नाही ते ठरव. तू खरी ख्रिस्ती आहेस का, हे मी ठरवणारी कोण? पण पश्चात्तापाशिवाय मिळणारी क्षमा म्हणजे स्वस्त कृपा, असं ते पान म्हणतं. तू माफी न मागता नवऱ्याने पूर्वीसारखं बोलावं, अशी तुझी अपेक्षा आहे. एवढ्यापुरतं ते पान तुझ्यासाठी आहे.

फिंकनवाल्डला प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी एकमेकांना भेटून चुकांची माफी मागायची, अशी शिकवण होती. तुमच्या मंडळीत पुढचं प्रभुभोजन कधी आहे बघ आणि त्याच्या आधी बोल. ग्रुपवर नको, सासूबाईंसमोर नको, पुस्तक हातात घेऊन तर मुळीच नको. "ते वाक्य मी तुम्हाला लागावं म्हणूनच टाकलं होतं, चुकलं माझं," एवढंच म्हण. मग औषधपाण्याबद्दल त्याचं काय म्हणणं होतं ते विचार आणि तो थांबेपर्यंत मध्ये बोलू नकोस. तो लगेच विरघळेल असं नाही. महिनाभराचा राग आहे, दोन-चार तिरकस वाक्यं ऐकावी लागतील.

आणि नणंदांना कळव की रोजचं वाक्य आता बंद. कारण विचारतील, भांडणाचं सांगू नकोस.