चार दोऱ्यांचा पतंग हवेत एका जागी थांबत का नाही?

तुम्ही विचारलं आहे की पतंग नवा आहे, वर छान चढतो, पण थांबवायला गेलं की पुढेच पळतो, उलटा मागे येतच नाही आणि शेवटी जमिनीवर आपटतो. तर हात कच्चा आहे की पतंगात दोष आहे?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. हँडलची जुळणी तुमच्या हाताला लागलेली नसते. आधी ती करा, मग सराव करा. चुकीच्या जुळणीवर सराव केला की हाताला चुकीच्या सवयी लागतात आणि त्या मोडायला फार त्रास होतो.

या पतंगाच्या प्रत्येक हँडलला दोन दोऱ्या असतात. अंगठ्याकडची वरची दोरी पतंगाच्या पुढच्या कडेला जाते आणि करंगळीकडची खालची दोरी मागच्या कडेला. खालची सैल पडली की पतंग पुढे धावतो. ती ओढली की वारा कापडावरून वेगळ्या कोनात जातो, पतंग थबकतो आणि आणखी ओढली तर मागे सरकू लागतो. म्हणून तिला ब्रेक म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सॅन दिएगोच्या हॅड्झिकी बंधूंनी ‘रेव्होल्यूशन’ हा पतंग आणला, त्याची सारी करामत या ब्रेकमध्ये आहे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे ब्रेक कमी पडतो आहे.

हँडलच्या वरच्या टोकाला दोरीचा एक छोटा तुकडा असतो, लीडर. त्यावर साधारण सव्वा-सव्वा सेंटीमीटरवर गाठी असायला हव्यात. नसतील तर थोडा लांब तुकडा घेऊन स्वतः मारा. आता वरची दोरी एक गाठ बाहेर, म्हणजे हँडलपासून लांब सरकवा, दोन्ही हँडलवर अगदी सारखी. वरची लांबली की खालची तिच्या मानाने आखूड होते, म्हणजेच ब्रेक वाढतो. उडवून बघा, पुन्हा एक गाठ सरकवा. असं करत करत पतंग जमिनीवरून पुढच्या दिशेने उठायलाच कुरकुर करू लागेल. तिथे थांबा आणि एक किंवा दोन गाठी परत आत या. त्या दिवसाच्या वाऱ्याला हीच तुमची जागा. वारा बदलला की तीही थोडी बदलते, तेव्हा गाठ सरकवण्यात कंटाळा करू नका.

जुळणी बरोबर आहे का, हे पाहण्याची माझी आवडती कसोटी अशी: पतंग पुढची कड खाली करून जमिनीवर उलटा उभा करा आणि दोन्ही करंगळ्या सावकाश अंगाकडे ओढा. तो मागच्या कडेच्या दिशेने सरळ वर उचलला गेला, तर ब्रेक पुरेसा आहे.

पतंग आपोआप एकाच बाजूला वळत असेल, तर चारही दोऱ्यांची लांबी तपासा. एका खुंटीला चारही टोकं अडकवून सारख्या ताणाने ओढून धरा. नव्या दोऱ्या पहिल्या काही दिवसांत कमी-जास्त ताणल्या जातात. लांब झालेल्या दोरीच्या टोकाच्या आवरणात गाठ सरकवून ती बरोबरीला आणा. पतंगाची कन्नी मात्र सुरुवातीला अजिबात छेडू नका.

आता हाताबद्दल. दोन दोऱ्यांचे पतंग उडवलेली माणसं इथेही अख्खा हात पुढे-मागे ओढतात. इथे कोपर शांत, हँडल सैल धरलेलं आणि हालचाल फक्त मनगटातून, तीही जेमतेम दिसेल इतकीच. थांबण्याचा सराव उंचावर करू नका. जमिनीपासून माणूसभर उंचीवर, पुढची कड वर ठेवून करा, म्हणजे पतंग किती सरकला ते डोळ्यांना कळतं. एक टोक खाली झुकलं तर त्या हाताचा ब्रेक किंचित सोडा, ते वर येईल. पतंग उलटा असताना नेमकं विरुद्ध: झुकलेल्या टोकाच्या हाताचा ब्रेक ओढायचा. शिवाय तेव्हा डाव्या हाताचं टोक उजवीकडे दिसतं, म्हणून डावं-उजवं विसरून ‘या हाताचं टोक कोणतं’ एवढंच लक्षात ठेवा. इथे सगळेच अडखळतात, धीर सोडू नका.

पायही वापरा. ओढ कमी पडली तर दोन पावलं मागे जा, जास्त झाली तर पुढे. शिकायला ताशी १० ते २० किलोमीटरचा एकसारखा वारा आणि साधारण २५ मीटरच्या दोऱ्या ठीक. झाडं किंवा इमारती यांच्या आडोशाला वारा गिरक्या घेतो, तिथे कसलेला हातही पतंग स्थिर ठेवू शकत नाही. वारा जोराचा आणि झटक्यांचा असेल तर जाळीची भोकं असलेलं कापड लागतं, जास्त वारा त्यातून निघून जातो.

या दोऱ्या बारीक आणि फार मजबूत असतात, ताणलेली दोरी त्वचा सहज कापते. ती हाताने पकडू नका, दोऱ्यांच्या टप्प्यात माणसं येऊ देऊ नका आणि विजेच्या तारांपासून लांबच उडवा.

वरच्या लीडरवर सध्या गाठी किती आहेत आणि तुम्ही कोणत्या गाठीवर उडवता, ते कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.