भाचा शाळा सोडून आला, आता लेकीला बी.एड.ला घालावं का?

गंगाखेड तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे: “मुलगी यंदा गणित घेऊन बी.एस्सी. झाली, ६८ टक्के आहेत. तिला शिक्षिकाच व्हायचंय. पण माझा भाचा खासगी शाळेत नऊ वर्षं शिकवून गेल्या साली घरी आला. आता खत-बियाण्याचं दुकान चालवतो आणि पुन्हा वर्गात पाय ठेवणार नाही म्हणतो. त्यातच जवळच्या एका संस्थेचे लोक घरी येऊन गेले. बी.एड. होईपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले, पण पैसे आताच द्यायचे. दीड एकर विकावं लागेल. हल्लीची पोरं ऐकत नाहीत म्हणून मास्तर लोक सोडून जातात का? मुलीला या वाटेला लावू का?”

नमस्कार.

आधी जमिनीचं. दीड एकर विकू नका, कुणाकडून इसारही घेऊ नका. मुलीला मात्र या वाटेला जरूर जाऊ द्या. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, ते सांगतो.

पोरं ऐकत नाहीत म्हणून शाळा कायमची सोडणारे शिक्षक थोडे असतात. वात्रट वर्ग कसा हाताळायचा हे दोन-तीन वर्षांत जमतं. आपल्याकडे जे कायमचे बाहेर पडतात, त्यांचं कारण बहुतेक वेळा रुजू होतानाच्या कागदांत असतं. पद मंजूर होतं का, मान्यता मिळाली होती का, पगार कुठून येणार होता? याची उत्तरं तेव्हा नीट घेतलेली नसली की पाच-सात वर्षांनी माणूस थकतो.

खासगी अनुदानित शाळेत पद तयार होतं ते संचमान्यतेतून. शाळेचा पट किती, त्यावर शिक्षकांची किती पदं मंजूर, हे शिक्षण विभाग ठरवतो. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची यादी, तपासून घ्यायची, ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर जाहिरात द्यायची, निवड करायची, नियुक्ती आदेश काढायचा. त्यानंतर शिक्षणाधिकारी त्या शिक्षकाला वैयक्तिक मान्यता देतात. पुढे शालार्थ आयडी, म्हणजे पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक, मिळतो. परभणी जिल्ह्याचं हे काम छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय कार्यालयातून चालतं. आयडी मिळाल्यावरच वेतन पथकाकडून पगार सुरू होतो. यातली एक पायरी जरी सुटली, तरी शिक्षक रोज हजेरीपटावर सही करतो, सहा-सात तास शिकवतो आणि सरकारच्या लेखी तो तिथे नसतोच. “प्रस्ताव वर गेलाय” हे वाक्य ऐकत मग वर्षं निघून जातात. प्रकरणाची चौकशी लागली तर मान्यता रद्द होते, घेतलेल्या पगाराची वसुलीही निघू शकते.

भाच्याची शाळा विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित असावी, असा माझा अंदाज आहे. अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवरच्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणत; २००९ साली त्यातला ‘कायम’ हा शब्द सरकारने काढला. त्यानंतर अनुदान आलं ते २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी, आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदान गाठावं लागलं. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. त्याचे २० टक्के म्हणजे ७,७२० आणि ४० टक्के म्हणजे १५,४४०. घरात दोन लेकरं आणि म्हातारे आई-वडील असताना या आकड्यांवर नऊ वर्षं काढणं सोपं नाही. काही ठिकाणी तर पगार खात्यावर जमा होतो आणि त्यातला हिस्सा रोखीने परत मागितला जातो. अशा माणसाने दुकान टाकलं तर त्याला शिकवण्याचा कंटाळा आला होता असं समजू नका. तुम्ही स्वतः एकदा त्याला विचारा, वर्गातलं काय आठवतं म्हणून.

आता ‘जागा राखून ठेवतो’ या शब्दाकडे या. बी.एड. दोन वर्षांचं आहे. दोन वर्षांनी त्या शाळेचा पट किती असेल, किती पदं मंजूर होतील, जिल्ह्यातला एखादा अतिरिक्त ठरलेला, म्हणजे आपल्या शाळेत पद न उरलेला शिक्षक समायोजनात तिथे पाठवला जाईल का, हे संस्थेला आज ठाऊक नसतं. जी गोष्ट त्यांच्या हातात नाही, तीच ते तुम्हाला विकताहेत. त्या पैशाची पावतीही मिळत नाही.

शिक्षक सोडून जातात त्याचं दुसरं कारण कमी बोललं जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. पण शाळेतला दिवस पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, मतदार यादीचं बीएलओचं काम आणि रोज नव्या ॲपवरची माहिती यांतच सरतो. यातलं एक काम टाळताच येत नाही, ते आधारचं. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरच्या पटावरची आधार जुळलेली मुलं धरली जातात. मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरात एक आणि आधारवर वेगळं असलं, किंवा जन्मतारीख जुळली नाही, की ते मूल वर्गात समोर बसलेलं असूनही मोजलं जात नाही. पट घटला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून गणिताचा तास सोडून शिक्षक आधार केंद्रावर पालकांची वाट बघत उभा राहतो. आपल्या भागात त्यात ऊसतोडीची भर. दिवाळी झाली की वाड्या-तांड्यांवरची घरं बंद होतात, मुलं आई-बापाबरोबर कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तेव्हा अपूर्णांक कुणाला येतात आणि कुणाचे राहिले, हे पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागतं. हे शिकवण्यातलं खरं अवघड काम. त्यासाठी लागणारे तास माहिती भरण्यात जातात, याचा सल चांगल्या शिक्षकाला जास्त लागतो.

गणिताच्या शिक्षकाला बाहेरची ओढही असते. लातूर-नांदेडचे क्लास चांगल्या माणसाला शाळेपेक्षा जास्त देतात. एकदा तिकडे गेलेला माणूस वय उलटल्यावर शाळेत परतणं अवघड. मुलींच्या बाबतीत अंतराचं कारण येतं. जिल्हा परिषदेची नेमणूक पालघर, रत्नागिरीकडे मिळाली, लग्न इकडे झालं आणि आंतरजिल्हा बदली रखडली, की बऱ्याच जणी राजीनामा देतात. स्थळं बघायला लागाल तेव्हा हे आधीच बोलून घ्या.

आता तिने काय करावं ते. बी.एड.ची सीईटी द्यायची. प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात, त्यामुळे तिचे ६८ पुरेसे आहेत. कॉलेज निवडताना ‘नॉन-अटेंडिंग चालेल’ म्हणणाऱ्या कॉलेजकडे फिरकू नका. दोन वर्षांत एकूण २० आठवडे प्रत्यक्ष शाळांशी जोडलेले असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. वर्गाची भीती मोडते ती याच दिवसांत. नुसत्या सह्या करून पास झालेली मुलगी पहिल्याच वर्षी साठ पोरांसमोर उभी राहिली की घसा बसतो, धीर सुटतो. प्रवेश होईपर्यंत गावातली आठवीची दहा-बारा मुलं रोज तासभर घेऊन तिला बीजगणित शिकवू द्या, दोन महिने. एकाच मुलाला तीच गोष्ट चौथ्यांदा वेगळ्या तऱ्हेने सांगताना तिला हुरूप येतो की चिडचिड होते, हे तिचं तिलाच कळेल.

बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. तिचे वर्ग सहावी ते दहावी. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर, गणित-विज्ञान गट. १५० पैकी ९० गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, तरी ती द्यावीच, कारण तिच्यामुळे दोन्ही दारं उघडी राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक असलेल्या, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं भाग पडलं आहे. पन्नाशीला आलेली माणसं रात्री पेपर सोडवत बसली आहेत. तिने हे ओझं आधीच उतरवून ठेवावं.

मग टेट. ही टीईटीहून वेगळी, शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, एका प्रश्नाला ३६ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. गणितवाल्यांचं घोडं भाषेच्या आणि बालमानसशास्त्राच्या प्रश्नांवर अडतं, तयारी तिथे लागते. खरी अडचण वेळेची आहे. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. मध्ये पाच-सहा वर्षांची फट पडली तेव्हा मुलं तासिकेवर किंवा विनाअनुदानित शाळेत अडकली, आणि तिथूनच बाहेर पडण्याची वाट सुरू झाली. म्हणून या काळात तिने एम.एस्सी. करावं, त्यावर कनिष्ठ महाविद्यालयाचं दार उघडतं.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये आहे. घरापासून दूर खोली करून राहिली तर यातून फार उरत नाही. तुम्हाला मदत करायचीच असेल, तर त्या तीन वर्षांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

भाच्याला एक निरोप. राजीनामा नुसता बोलून दिला असेल किंवा शाळेत जाणंच बंद केलं असेल, तर कागद नीट करून घ्या. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यानुसार राजीनामा दोन प्रतींत सही-तारखेसह लिहायचा असतो. एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःजवळ. अनुभव प्रमाणपत्र लेखी मागून घ्यावं, नऊ वर्षं केलेल्या कामाचा तो पुरावा आहे.

संस्थेचे लोक पुन्हा आले तर चहा पाजा आणि दोन कागदांच्या प्रती मागा: चालू वर्षाची संचमान्यता आणि तपासलेली बिंदुनामावली. त्यांनी दिल्या नाहीत, तर परभणी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात शाळेचं नाव लिहून तीनच गोष्टी विचारा: गणिताची मंजूर पदं किती, त्यांतली रिक्त किती, आणि जिल्ह्यात गणिताचे अतिरिक्त शिक्षक किती.