'क्वाधिकार' की 'अधिकारपृच्छा'?

प्रश्न असा आहे: राज्यघटनेच्या मराठी अनुवादात 'क्वाधिकार' दिसतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'अधिकारपृच्छा'. दोन्ही एकच का? आणि हा 'क्व' लॅटिनमधून उचललाय का?

दोन्ही एकच. अनुच्छेद ३२ आणि २२६ मधल्या 'को वॉरंटो' या रिटचीच, म्हणजे न्यायालयाच्या एका विशेष आदेशाचीच, ही नावं. 'क्व' मात्र अस्सल संस्कृत, अर्थ 'कुठे'. आपल्या रोजच्या 'क्वचित'मध्ये तोच बसलाय. लॅटिन शब्दांचा अर्थ 'कोणत्या अधिकाराने', म्हणजे अनुवादात अर्थ जरासा सरकला, पण नाद जुळला. क्व + अधिकार असा दीर्घ संधी होतो, म्हणून 'क्वधिकार' लिहिणं चूक.

मला 'क्वाधिकार' अधिक नेमका वाटतो. 'पृच्छा' म्हटलं की नुसती विचारपूस वाटते. इथे न्यायालय पदावर बसलेल्या माणसाला, या पदावर बसायला कायद्याचा आधार कुठे आहे, तो दाखव, असं बजावतं. नाही दाखवता आला तर पद सोडावं लागतं. पद सार्वजनिक हवं, म्हणजे घटनेने किंवा कायद्याने निर्माण झालेलं. खासगी संस्थेच्या अध्यक्षाला हे लागू नाही. याचिकाकर्त्याचं स्वतःचं काही नुकसान झालेलं असण्याची गरज नसते, कोणीही नागरिक विचारू शकतो.

ठळक उदाहरण २००१ चं. दोन वर्षांहून अधिक शिक्षा झाल्याने निवडणुकीस निरर्ह, म्हणजे अपात्र, ठरलेल्या जयललिता तमिळनाडूच्या मुख्यमंत्री झाल्या. आमदार नसतानाही सहा महिने मंत्री राहता येतं, हा अनुच्छेद १६४(४) चा आधार सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही: जो आमदार होण्यासच पात्र नाही, त्याला ती सवलत नाही. नेमणूक गेली.

वापरात दोन घोटाळे होतात. आमदार-खासदाराच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर ती 'निवडणूक याचिका'. ती निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते, तिला 'क्वाधिकार' म्हणू नये. दुसरा, 'पद मिळवण्यासाठी क्वाधिकार याचिका' असं लिहिलं जातं. या रिटने पद फक्त रिकामं होतं. त्यावर आपली नेमणूक हवी असेल तर मागावा लागतो तो 'महादेश', म्हणजे मँडेमस: अधिकाऱ्याला त्याचं कायदेशीर कर्तव्य करायला लावणारा आदेश.