९८ टक्के पोचतंय, मग बॅटरी का बसते?

प्रश्न : द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजायला लोरावॅनचे (कमी विजेत लांबवर मेसेज पाठवणारी रेडिओ पद्धत) नोड, म्हणजे सेन्सरची छोटी यंत्रं, बनवलेत, त्यांचे मेसेज पकडून सर्व्हरला देणारा गेटवे घराच्या गच्चीवर आहे. टेस्टिंगला प्रत्येक मेसेजला अ‍ॅक (पोचपावती) मागतो. १०० पैकी ९८ ना पोच येते, म्हणजे रेंज झकासच ना? तरी विहिरीजवळच्या नोडची बॅटरी दोन महिन्यांत बसली. सेल डुप्लिकेट निघाले असतील का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : सेलवर एवढ्यात आळ घेऊ नका, आधी तो ९८ चा आकडा तपासू. कन्फर्म्ड अपलिंक, म्हणजे पावती मागून पाठवलेला मेसेज, ही रजिस्टर एडीच की, पोचपावती आली नाही तर नोड तोच मेसेज परत पाठवतो आणि बऱ्याच लायब्रऱ्यांत (नोडच्या तयार कोडमध्ये) हे ८ वेळापर्यंत चालतं. आता दर १० प्रयत्नांतले ६ फुकट जात असले तरी आठही हुकायची शक्यता जेमतेम पावणेदोन टक्के, म्हणजे लिंक पार रडकी असूनही तुम्हाला ९८ च दिसणार!

वर बऱ्याच ठिकाणी दर दोन प्रयत्नांनंतर डेटा रेट (मेसेज पाठवायचा वेग) एक पायरी उतरतो. सुरुवात एसएफ ७ ला (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा जितका मोठा तितका वेग कमी) केली तर आठव्या खेपेला एसएफ १०. दहा बाइटचा मेसेज आधी ६२ मिलिसेकंद हवेत असतो तो ३७१ वर जातो, सहापट, आणि हे आधीचे सात झाल्यावर. बॅटरी बसणार नाही तर काय. शिवाय कधी मेसेज पोचलेला असतो, पावतीच वाटेत हरवते, तरी नोड बिचारा पाठवतच राहतो. आणि साधा गेटवे पावती पाठवत असतो तेवढा वेळ बहिरा असतो, बाकीच्या नोडचं त्याला काही ऐकू येत नाही.

म्हणून रेंज बघायची तर अ‍ॅक बंद, एडीआर (वेग आपोआप बदलणारी सोय) बंद, एसएफ हाताने फिक्स, प्रत्येक मेसेज एकदाच. असे २०० पाठवा आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये फ्रेम काउंटर (मेसेजचा क्रमांक) बघा, ४१ नंतर थेट ४४ दिसला की दोन गळाले, इतकं सोपंय. खरी टक्केवारी ही.

अ‍ॅकची टेस्ट वेगळी घ्या. गेटवेची पिन काढा आणि सिरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवर नोडची नोंद दाखवणारी खिडकी) मोजा, नोड किती वेळा प्रयत्न करून गप्प बसतो. एक चूक हमखास सापडते, कोड युरोपच्या उदाहरणावरून उचललेला असतो आणि दुसरी रिसीव्ह विंडो (मेसेज पाठवल्यावर उत्तर ऐकायला नोड दोनदा कान उघडतो, त्यातली दुसरी वेळ) ८६९.५२५ मेगाहर्ट्झवरच राहते. आपल्याकडे ती ८६६.५५० ला, एसएफ १० वर असते. सर्व्हरने त्या विंडोत पावती पाठवली तर नोडला ती कधीच मिळणार नाही.

ओलाव्याच्या रीडिंगला पावती लागतच नाही हो, एखादं हुकलं तर पुढचं येतंच. मोटर बंद पडल्याचा अलार्म असेल त्याला ठेवा, तोही ३ प्रयत्नांवर.