थोरले जॉर्ज बुश कॉलेजात खरंच चांगलं बेसबॉल खेळायचे, की राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून नंतर कौतुक झालं?

प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण ज्या गावात बुशच्या टीमनं दोन वर्षं लागोपाठ फायनल हरली त्या मिशिगनमधल्या कॅलमझूपासून मी तासाभरावर राहतो, आणि आमच्या ऑफिसच्या सॉफ्टबॉल टीममध्ये गेली काही वर्षं फर्स्ट बेसवर उभा असतो. बुशची पोझिशन तीच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी सरळ उत्तर देतो. बॅटिंग साधारण, फील्डिंग फार चांगली, आणि टीम खरोखर तगडी. १९४७ आणि ४८ या दोन सीझनमध्ये येल युनिव्हर्सिटीकडून ५१ मॅचेस आणि ०.२५१ ची सरासरी, म्हणजे दर चार वेळा बॅटिंगला आल्यावर एक हिट (बॉल मारून सुखरूप बेस गाठणं). बेसबॉलमध्ये ०.३०० च्या पुढे गेलं की चांगला बॅटर म्हणतात, त्या हिशोबानं हा आकडा काही डोळ्यात भरणारा नाही. पण फर्स्ट बेसवाल्याला नुसत्या बॅटिंगवर मोजायचं म्हणजे विकेटकीपरला त्याच्या रन्सवरून मोजण्यासारखं आहे, आणि हे मला तिथे स्वतः उभा राहीपर्यंत कळलं नव्हतं.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो. बॅटरनं बॉल जमिनीवरून मारला की तो ९० फूट पळत फर्स्ट बेसला, म्हणजे पळण्याच्या पहिल्या टप्प्याला येतो आणि त्याच्या आधी बॉल तिथे पोचला तर तो आऊट. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) किंवा थर्ड बेसवाला पळता पळता, तोल जात असताना तो बॉल फेकतो, मग तो कधी डोक्यावरून येतो, कधी पायाशी टप्पा पडून उसळतो, आणि तुम्ही एक पाय बेसला टेकवून शरीर ताणता येईल तेवढं ताणून ग्लोव्ह पुढे काढायचा, आणि पाय सुटला तर सगळं फुकट. पायाजवळ अर्ध्या टप्प्यावर आलेला थ्रो जमिनीलगत खरवडून उचलला की ती चूक थ्रो करणाऱ्याच्या नावावर लागत नाही, नेहमीसारखा आऊट लिहिला जातो, पण तुम्ही त्याला वाचवलंत हे स्कोअरबुकात कुठेच येत नाही. माझ्या टीममधल्या शॉर्टस्टॉपला मी असा वाचवला की तो लांबून नुसता हात वर करतो, तेवढंच.

बुश डावखुरा होता आणि या जागेवर डावखुऱ्याला फायदाच असतो. ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या हातात, त्यामुळे सेकंड बेसला फेकताना अंग वळवावं लागत नाही आणि बेस सोडून पुढे सरकलेल्या रनरला टॅग करायला (बॉल धरलेला ग्लोव्ह लावून आऊट करायला) हात आधीच तिकडे असतो. गंमत म्हणजे बॅटिंग मात्र तो उजव्या हातानं करायचा, असं कॉम्बिनेशन बेसबॉलमध्ये कमीच दिसतं. त्याचा तो जॉर्ज मॅक्क्विन (त्या काळचा एक फर्स्ट बेसवाला) मॉडेलचा ग्लोव्ह त्यानं आयुष्यभर सांभाळला, राष्ट्राध्यक्ष असतानाही ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला असायचा.

आता टीमबद्दल, कारण खरी गोष्ट ती आहे. महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि सरकारनं १९४४ च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचललेला, त्यामुळे कॉलेजं या लोकांनी भरून गेली. बुश स्वतः नौदलाचा पायलट, सप्टेंबर १९४४ मध्ये चिचीजिमा बेटाजवळ त्याचं विमान पाडलं गेलं होतं आणि समुद्रातून पाणबुडीनं त्याला उचललं. तो येलला आला तेव्हा लग्न झालेलं, १९४६ च्या जुलैत मुलगा झाला (हाच पुढचा धाकटा बुश), आणि राहायला हिलहाऊस अ‍ॅव्हेन्यूवरचं एक घर जे बऱ्याच कुटुंबांनी वाटून घेतलं होतं. आपल्याकडच्या चाळीसारखंच म्हणा ना. त्या सीझनला बार्बरा स्कोअर लिहायला ग्राउंडवर यायची, पोट बरंच पुढे आलेलं, तेव्हा कोचनं तिला जाळीमागे बसा म्हणून सांगितलं आणि तिथे पूर्वी टाफ्ट राष्ट्राध्यक्षांसाठी केलेली रुंद खुर्ची होती त्यात ती बसायची. ही आठवण तिनंच सांगितली आहे आणि मला ती फार आवडते. डोळ्यासमोर आणून बघा, आठवा-नववा महिना, मांडीवर स्कोअरबुक, समोर नवरा फर्स्ट बेसवर.

कोच होता ईथन अ‍ॅलन, स्वतः मेजर लीगमध्ये (अमेरिकेतलं सर्वात वरचं व्यावसायिक बेसबॉल) १३ सीझन खेळलेला आउटफिल्डर. आणि एक किस्सा सांगायलाच हवा. बुशची बॅटिंग चालत नव्हती तेव्हा येलच्या ग्राउंडची देखभाल करणाऱ्या माणसानं त्याला चिठ्ठी लिहिली, की मी तुला बघतोय, तुला हिट्स मिळत नाहीत कारण तू बॉलवर मनापासून बॅट फिरवतच नाहीस. ग्राउंडवर रोज सगळं बघणारा माणूस, त्याला कळणार नाही तर कोणाला कळणार. बुशनं ती चिठ्ठी जपून ठेवली आणि पुढच्या सीझनला त्याची सरासरी वाढली.

१९४७ ला कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय चॅम्पियनशिप पहिल्यांदाच झाली, त्याआधी अशी स्पर्धाच नव्हती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आठ टीम्स, पूर्वेच्या चार आणि पश्चिमेच्या चार. येलनं घरच्या ग्राउंडवर क्लेमसन आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला हरवलं, तिकडे पश्चिमेतून कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी आली टेक्सास युनिव्हर्सिटीला हरवून, आणि फायनल जूनच्या शेवटी इथे कॅलमझूच्या हाइम्स फील्डवर, तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली मॅच कॅलिफोर्नियानं १७-४ नं घेतली, अक्षरशः धुतलं. दुसरी ८-७, एका रननं. म्हणजे येलला तिसरी मॅच मिळालीच नाही.

त्या कॅलिफोर्नियाच्या टीममध्ये जॅकी जेन्सन होता, जो पुढे बोस्टनकडून खेळताना १९५८ ला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, फुटबॉललाही तितकाच मोठा स्टार. बुश ही आठवण पुढे अनेक वर्षं सांगायचा. अ‍ॅलननं आठव्या नंबरच्या बॅटरला मुद्दाम वॉक द्यायला लावलं (बाहेरचे बॉल टाकून त्याला फुकट फर्स्ट बेसला जाऊ द्यायचं), का तर नववा पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर येतोय, पिचर काय मारणार, आणि तो पिचर निघाला जेन्सन. त्यानं असा काही मारला की बुशच्या म्हणण्याप्रमाणे तो बॉल अजून कॅलमझूत कुठेतरी घरंगळतोच आहे. कोचचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. नवव्या नंबरच्या पिचरसाठी आठव्याला वॉक देणं हे त्या काळचं पुस्तकी बेसबॉल होतं, फक्त समोर माणूस वेगळा होता.

१९४८ ला बुश कॅप्टन. त्या सीझनमधला एक दिवस सगळ्यांना माहीत असतो, ५ जून, प्रिन्स्टनविरुद्धच्या मॅचआधी बेब रूथ येलच्या मैदानावर आला आणि आपल्या आत्मचरित्राचं हस्तलिखित त्यानं युनिव्हर्सिटीला दिलं, ते कॅप्टन म्हणून बुशनं घेतलं. तो फोटो जरूर बघा. एका बाजूला तेविशीतला सडसडीत पोरगा टीमच्या कपड्यांत आणि समोर रूथ, कॅन्सरनं पोखरलेला, सूट अंगावर लोंबतोय, आवाज पार बसलेला. दहा आठवड्यांनी, १६ ऑगस्टला तो गेला. बेसबॉलमध्ये रूथ म्हणजे काय हे आपल्याकडे एका नावात सांगता येणार नाही, ब्रॅडमनच्या जवळपास धरा. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा बुशकडे लक्षच गेलं नाही, रूथचे हातच बघत राहिलो.

आणि मग परत कॅलमझू, परत फायनल, या वेळी समोर सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी. पहिल्या मॅचमध्ये येल ३-१ नं मागे, शेवटची नववी इनिंग, तिन्ही बेसवर येलचे रनर, आणि एकही आऊट नाही. एक चांगली हिट आणि मॅच बरोबरीत. बुश पुढचा बॅटर म्हणून बॅट घेऊन बाहेर उभा. आणि त्या एका बॉलवर तीन आऊट झाले. ट्रिपल प्ले! रोज बेसबॉल बघणाऱ्यालासुद्धा वर्षात मोजून काही वेळा दिसतो, तो फायनलच्या शेवटच्या इनिंगमध्ये, बेसेस भरलेले असताना. कॅप्टन बॅट घेऊन उभाच राहिला, त्याची पाळी आलीच नाही.

पुढच्या मॅचला ते खचून गेले असते तर कोणी नावं ठेवली नसती, पण येलनं दुसरी ८-३ नं जिंकली. मला विचाराल तर त्या दोन वर्षांतली या टीमची खरी मॅच तीच, फायनलचं बोलताना तिचं नाव कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं. तिसरी मात्र सदर्न कॅलिफोर्नियानं ९-२ अशी घेतली. त्यांचं हे पहिलं विजेतेपद, पुढे त्यांनी एकूण १२ मिळवली.

हाइम्स फील्ड अजून आहे, वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीचं, नावाला थोडी जोड दिली आहे. मागच्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन तिथे मॅच बघायला गेलो होतो, फर्स्ट बेसच्या बाजूच्या सीटवर बसलो. नेक्स्ट बॅटर उभा राहतो ती जागा बॅटिंगच्या जागेपासून फार लांब नाही, मोठी दहा-बारा पावलं असतील. मुलीला सांगितलं, तिथे उभा होता तो. ती म्हणाली, मग त्यानं बॅटचं काय केलं?