'भाडोत्री' नव्हे, आणि झरकावी म्हणजे कोण?

राजारामपुरीतल्या एका वाचकाने विचारलंय: 2003 नंतर इराकमध्ये अमेरिकी फौजेशी लढायला जॉर्डन, सौदी, सीरिया अशा देशांतून जे गेले, त्यांना 'भाडोत्री अतिरेकी' म्हणावं का?

मुळीच नाही. हे रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. 1977च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनेही भाडोत्री सैनिकाची मुख्य खूण पैशाचा लोभ हीच धरली आहे. इराकमधल्या बंडखोरांत हे बाहेरचे संख्येने थोडे होते, पण आत्मघाती हल्ल्यांत त्यांचाच भरणा मोठा. मेल्यावर भाडं कोण वसूल करणार? त्यांनी बाजारांत, मशिदींत निरपराध माणसं मारली, तेव्हा खुशाल 'परदेशी अतिरेकी' लिहा. पण भाडोत्री नको.

ते स्वतःला म्हणवत मुहाजिर, म्हणजे हिजरत (धर्मासाठी देशांतर) करून आलेले. आपल्या 'हिजरी सना'चं मूळ तेच. त्यांना आसरा देणारे स्थानिक ते अन्सार. जून 2006मध्ये इराकमधल्या अल कायदा संघटनेचा म्होरक्या झरकावी मारला गेला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या इजिप्शियनाचं टोपणनावच होतं अबू हमजा अल मुहाजिर. त्याच वर्षी इराकच्या अन्बार प्रांतातल्या स्थानिक जमाती या परक्यांवर उलटू लागल्या, आणि संघटनेने प्रमुख म्हणून पुढे केला तो अबू उमर अल बगदादी. हा इथलाच, परका नव्हे, हे नावातूनच ठसवायचं होतं.

आता खरी गंमत. झरकावी म्हणजे जॉर्डनमधल्या झरका गावचा. आपला इचलकरंजीकर असतो ना, तसाच. अरबीत हे काम शेवटची 'ई' करते. त्यावरून काही अभ्यासक बेधडक सांगतात की 'कोल्हापुरी'तली 'ई'सुद्धा अरबी-फारसीची उसनवारी. साफ चूक! तैलिकाचा तेली झाला, मालिकाचा माळी झाला, तेव्हा फारसी दरबार इथे कुठे होता? संस्कृतातल्या 'इक'ची प्राकृतात झीज होऊन आपली 'ई' घरातच तयार झाली होती. फारसी 'ई' नंतर आली आणि तिला इथे आयती जागा मिळाली, इतकंच. म्हणून तर ती इतक्या बेमालूम मिसळली की 'सरकारी' आणि 'कोल्हापुरी' यांत कानाला काही फरक लागत नाही. उसनवारीवाल्यांनी आधी 'तेली' कुठल्या फारसीतून आला ते दाखवावं, मग कोल्हापुरी चपलेला हात घालावा.