वाचकांचे प्रश्न : नॉर्मल नाही, पण बिघाड दुसरीकडेच

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे. जंगलातल्या १२ भूखंडांमधून प्रत्येकी १०, अशी एकाच जातीची १२० झाडं मोजली. मातीतला ओलावा प्रत्येक भूखंडात एकदाच मोजला आणि झाडांची वार्षिक वाढ त्याच्याशी जोडलेली आहे का, हे रिग्रेशनने, म्हणजे बिंदूंमधून सरळ रेषा बसवून, तपासलं. वाढीच्या आकड्यांना शापिरो-विल्क चाचणी लावली, तर ते नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) नाहीत असं आलं. मार्गदर्शक म्हणतात, आता लीस्ट स्क्वेअर्स (रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणारी पद्धत) चालणार नाही. सहकारी म्हणतो, मॅक्झिमम लाइकलीहूड (हाती आलेले आकडे मिळण्याची शक्यता सर्वांत मोठी करणारी पद्धत) वापर. ते वापरलं तर रेषेचा उतार अगदी तोच आला, फक्त प्रमाणत्रुटी (उताराच्या अंदाजातली अनिश्चितता) किंचित कमी झाली. विश्वास कशावर ठेवू?

उत्तर : उतार राहू द्या. प्रमाणत्रुटी मात्र दोन्हींपैकी एकही घेऊ नका. त्याचं कारण तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नात नाही. तिकडे येतेच, आधी नॉर्मलचं बघू.

चाचणी तुम्ही वाढीच्या आकड्यांना लावली. नॉर्मल असण्याची अट जिथे लागते, तिथेही ती वाढीला नसते, रेषेभोवतीच्या चुकांना असते. समजा निम्मे भूखंड कोरडे आणि निम्मे ओले आहेत. मग वाढीच्या आलेखाला दोन उंचवटे येतील आणि चाचणी नापास करील. पण त्याच वेळी रेषेपासूनची अंतरं अगदी घंटेच्या आकारात पसरलेली असू शकतात. म्हणून तपासायचे ते रेसिड्युअल, म्हणजे रेषेपासूनची ही अंतरं.

आणि लीस्ट स्क्वेअर्सला मुळात नॉर्मल लागतंच असं नाही. लजाँद्रने १८०५ मध्ये ही पद्धत छापली तेव्हा त्यात संभाव्यता नव्हतीच. गाउसने १८०९ मध्ये तिची घंटाकृती वक्राशी सांगड घातली. पण पुढे १८२० च्या दशकात त्यानेच तो आधार काढून घेतला आणि दाखवून दिलं, की चुकांची सरासरी शून्य असेल, त्यांचं विचरण (पसारा) सगळीकडे सारखं असेल आणि त्या एकमेकींशी सहसंबंधित नसतील, तर एवढ्यावर भागतं. निरीक्षणांच्या रेषीय मिश्रणातून काढलेल्या आणि सरासरीने नेम न चुकणाऱ्या सगळ्या अंदाजांमध्ये लीस्ट स्क्वेअर्सचा अंदाज सर्वांत कमी हलतो. नॉर्मल लागतं ते लहान नमुन्यात टी-तक्ता (उतार निव्वळ योगायोगाने आला का, हे ठरवायचा तक्ता) काटेकोर लागू व्हावा म्हणून. ही गोष्ट प्रबंधांमध्ये वर्षानुवर्षं उलटी लिहिली जाते आणि त्यापायी चांगली कामं अडून राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सहकाऱ्याचा सल्ला. रिग्रेशनसाठी सॉफ्टवेअरमध्ये मॅक्झिमम लाइकलीहूड निवडलं, की ते सहसा चुका नॉर्मल आहेत असं धरूनच चालतं. म्हणजे ज्या गृहीतकापासून तुम्ही पळत होतात, त्याच्याच घरी जाऊन पोहोचलात. नॉर्मल चुकांसाठी लाइकलीहूड सर्वांत मोठी करणं आणि वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणं हे एकच गणित आहे. त्यामुळे उतार तोच येणार, आणि तो तोच आला म्हणून निष्कर्षाला दुसरा साक्षीदार मिळाला असं समजू नका. प्रमाणत्रुटीतला फरक येतो तो भागाकारातून : मॅक्झिमम लाइकलीहूडमध्ये वर्गांच्या बेरजेला १२० ने भागतात, लीस्ट स्क्वेअर्समध्ये ११८ ने. विचरणात दोन टक्क्यांहून कमी फरक. दहाच निरीक्षणं असती तर १० आणि ८ मधला फरक जाणवला असता.

खरा बिघाड गाउसच्या तिसऱ्या अटीत आहे : चुका एकमेकींशी सहसंबंधित नसाव्यात. एका भूखंडातली दहा झाडं एकाच मातीत, जमिनीच्या एकाच उतारावर, एकाच सावलीत वाढली. तिथे काही वेगळं घडलं असेल तर दहाही झाडांच्या चुका एकाच बाजूला झुकतील. दोन शेजारी झाडांच्या चुकांमधला सहसंबंध ०.३ धरा. ओलावा भूखंडागणिक एकच असल्यामुळे उताराचं विचरण १ + ९ × ०.३, म्हणजे ३.७ पट होतं. तुमची १२० झाडं मग सुमारे ३२ स्वतंत्र झाडांइतकीच माहिती देतात आणि खरी प्रमाणत्रुटी छापून आलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असते. ०.३ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. तुमचा सहसंबंध तुमच्याच रेसिड्युअलमधून काढा.

भूखंडाचा यादृच्छिक परिणाम धरणारं, म्हणजे प्रत्येक भूखंडाचा स्वतःचा कमी-जास्तपणा वेगळा मोजणारं, मिश्र प्रतिमान वापरता येईल. पण त्याआधी एक साधं काम करा. प्रत्येक भूखंडाची सरासरी वाढ काढा आणि त्या १२ बिंदूंवर रेषा बसवा. प्रत्येक ठिकाणी दहाच झाडं असल्याने उतार तंतोतंत तोच येईल, प्रमाणत्रुटी मात्र बारा ठिकाणांना साजेशी मिळेल. स्वातंत्र्यमात्रा (बिंदूंच्या संख्येतून दोन वजा) ११८ वरून १० वर येतील. संबंध तरीही टिकला, तर तो निर्धास्तपणे लिहा. आणि बिंदू बाराच उरल्यावर नॉर्मलचा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा होतो. तो मार्गदर्शकांसोबत बसून, रेसिड्युअलचा आलेख समोर ठेवून सोडवा.

प्रश्न : एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या आकलन पद्धती (नमुन्यावरून अंदाज काढण्याच्या पद्धती) वेगवेगळी उत्तरं देतात. मग याला शास्त्र कसं म्हणायचं?

उत्तर : १ पासून क्रमाने आकडे घातलेल्या वस्तूंमधून चार हाती आल्या : २, ४, ५, २९. एकूण वस्तू किती? कार्ल पिअर्सनची आघूर्ण पद्धत (नमुन्याची सरासरी सगळ्या वस्तूंच्या सरासरीइतकी धरणारी) म्हणेल, सरासरी १०, म्हणून दुपटीतून एक वजा, १९. पण २९ क्रमांक तर तुमच्या हातात आहे! फिशरची महत्तम शक्यता, म्हणजे वरचं मॅक्झिमम लाइकलीहूड, म्हणेल २९. हा अंदाज खऱ्या संख्येच्या वर कधीच जात नाही, म्हणून सरासरीने कमीच पडतो. ती तूट भरून काढली, तर २९ + २९/४ − १, म्हणजे सुमारे ३५. तिन्ही उत्तरांमागचं गृहीतक एकच आहे. फरक आहे तो नमुन्यातली कुठली माहिती वापरली याचा, आणि सगळ्यांत मोठ्या क्रमांकात असलेली माहिती पहिली पद्धत जवळजवळ वाया घालवते. त्यामुळे इथे मी तिसरं उत्तर घेईन.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मन रणगाड्यांचं मासिक उत्पादन याच विचाराने काढलं. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज १५५० होता, रणगाड्यांच्या भागांवरच्या क्रमांकांवरून आलेला ३२७, आणि युद्धानंतर हाती लागलेल्या जर्मन नोंदींत ३४२. हे साधलं, कारण क्रमांक खरोखर ओळीने दिले होते का, याकडे त्यांनी बारकाईने पाहिलं. मुख्य भर गिअरबॉक्सच्या क्रमांकांवर होता, कारण ते दोन अखंड मालिकांत होते. चेसिस आणि इंजिनांचे क्रमांक वापरणं जास्त गुंतागुंतीचं होतं. जर्मनांनी मधल्या मालिका गाळल्या असत्या, तर वरच्या तिन्ही पद्धती एकदमच चुकल्या असत्या.

तुमच्या पत्रात वेगवेगळ्या पद्धतींचा उल्लेख आहे, पण नमुना कसा गोळा केला हे नाही. ते कळवा, म्हणजे तुमच्या आकड्यांसाठी कोणती पद्धत हे पुढच्या अंकात नेमकं सांगता येईल.